आणखी काही अडचण?

भरड नाक्यापासून मासळी बाजाराच्या वळणापर्यंत शर्मिष्ठा एकाच चपलेवर चालत आली, आणि तिला ते कळलं नाही. कळलं ते हसनमुळे. नारळाच्या ढिगामागून उठून तो तिच्या मागोमाग आला होता, हातात तिचीच उजव्या पायाची चप्पल. "वैनी, ही थंय रस्त्यातच ऱ्हवली. मी मगासपासून हाक मारतंय, तुमचा लक्ष खंय आसा?" तिने खाली पाहिलं. दसरा होऊन गेलेला, दुपारचं ऊन डांबराला भाजून काढत होतं. डावा पाय चपलेत सुखरूप होता आणि उजवा अनवाणी, त्या भाजत्या डांबरावर निवांत टेकलेला. "घाईत होतंय, हसनभाई," ती हसून म्हणाली, आणि विजेच्या खांबाला धरून चप्पल घालायला गेली, तर पायाचा पंजा वर उचलेना. शेवटी खाली वाकून तिने, लहान मुलाला घालावी तशी, हातानेच चप्पल पायात सरकवली. हसन भला माणूस, त्याने तेवढ्यात मान वळवून एका गिऱ्हाईकाला नारळाचा भाव सांगितला. पायातली चप्पल जाते आणि पायाला पत्ता नाही, तर मग हा पाय कोणाच्या मालकीचा, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि उन्हात तिला थंडी वाजली. बेस्तवारी, म्हणजे गुरुवारी, तिच्या पाठीचं ऑपरेशन होतं. आज सोमवार.

दुखणं तसं जुनं. उजव्या कुल्ल्याच्या मधोमध कुठेतरी खोल ते सुरू व्हायचं, मांडीच्या मागून, पोटरीवरून, पावलाच्या कडेने करंगळीपर्यंत उतरायचं, आणि उतरताना वाटेत काही शिल्लक ठेवायचं नाही. सगळ्यांनी त्याला सायटिका म्हटलं, कारण ते सायटिकाच होतं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पाठीचा एमआरआय काढला, त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी जराशी बाहेर आलेली दिसली. गादी सरकली म्हटल्यावर सगळे कसे निश्चिंत झाले. सिंधुदुर्गातल्या रस्त्यांवर जन्म काढून जिची गादी सरकली नाही अशी बाई शोधावी लागेल, पण ते कोण बोलणार? त्यातून शंकर भावजी, म्हणजे गुरुदासचे थोरले भाऊ, यांची स्वतःची गादी सरकलेली, याच डॉक्टरांनी ती कापून काढलेली, आणि आता भावजी नारळाच्या झाडावर तेवढे चढत नाहीत, बाकी सगळं करतात. शर्मिष्ठाच्या पायात त्यांना आपलाच पाय दिसत होता. त्यात त्यांचा वाईट हेतू काही नव्हता, उलट मायाच होती, आणि मायेला नाही म्हणणं फार जड जातं. पाठ माझी कधी दुखली नाही, असं तिने एकदा म्हणून पाहिलं होतं. "पाठ नायच दुखणा. माझी खंय दुखा होती?" भावजी म्हणाले, आणि डॉक्टरांनीही मान डोलावली. पायाची ताकद जायला लागली तर मात्र थांबू नका, असंही डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे आता थांबता येणार नव्हतं.

संध्याकाळी तिने गुरुदासला चपलेचं सांगितलं. तो हायस्कुलात गणित शिकवतो, प्रत्येक गोष्टीला आधी सोपं उत्तर आहे का बघतो. "पट्टो सैल झालो असतलो," तो म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे पाहून त्याने भावाला फोन लावला. भावजींचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. "माझीय चप्पल अशीच सुटायची. तीच नस ती. आता उशीर नको, बेस्तवारी करूनच टाकूया." करूनच टाकूया. न्हाणीचा नळ बदलून टाकूया, तसं. शर्मिष्ठा वीज मंडळाच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसते, लोकांचे असले आवाज तिला पाठ आहेत. दिवसभर ती काचेच्या भोकातून एकच वाक्य बोलत असते, बोला, काय अडचण आहे? कोणाचं मीटर धावतंय, कोणाच्या खांबावर माड पडलाय, कोणाच्या घरात दिवा लागतो पण पंखा फिरत नाही. आणि वायरमन सांगतात ते खरं असतं, दिवा जिथे विझतो तिथे बिघाड असेलच असं नाही, तार लांबून येते, बिघडते कुठेतरी वाटेत. हे तिला गेली कित्येक वर्षं ठाऊक होतं. तरी पाय धरून बसली की तिला फक्त पाय दिसायचा, आणि बाकीच्यांना फक्त पाठ.

मंगळवारी ती रजेवर होती. पिशवी भरताना पाय आणखी चढला. रविवारपासूनच तो चढत होता, बसलं की कुल्ल्यात कोणी आडाळ्याचं, विळीचं, पातं रुतवतंय असं होई, म्हणून ती उभी राहून टॉवेलच्या घड्या घालत होती. देवघराच्या दारातून सासूबाई बघत होत्या. राधाबाई वाईट नाहीत. गेल्या पिढीतल्या बायकांना मागच्या पडवीत बसवत, तसं त्यांनी सुनेला कधी बसवलं नाही. "आता खंयचा ता," म्हणून त्यांनी सगळं मोडीत काढलं होतं, फक्त देवघर आणि लोणच्याची बरणी तेवढी उरली होती, आणि गुरुदासचं अंथरूण. त्या चार दिवसांत तो बाहेरच्या खोलीत झोपायचा. कोणी त्याला सांगायचं नाही, त्याचं त्यालाच कळायचं, उशी उचलून जायचा. या सगळ्याला घरात एकच शब्द होता, अडचण. अडचण आहे, अडचण आली, अडचणीत आहे. बाकी कशाला घरात अडचण म्हणत नसत. गॅस संपला तरी "पंचायत झाली" म्हणत. तर याच राधाबाई, चार वर्षांपूर्वी असतील, शेजारणीला भिंतीवरून सांगताना तिने ऐकलं होतं, "अडचण इली की हिचो पाय दुखता, अडचण सरली की पाय बरो. बरा निमित्त गावलाहा." तेव्हा शर्मिष्ठा न्हाणीत जाऊन नळ सोडून रडली होती. तो टोमणा मग तिच्या घशात सुरमईच्या काट्यासारखा राहिला, गिळला तरी जाईना, ओकला तरी निघेना. त्या दिवसापासून तिने एक केलं. त्या चार दिवसांत पाय कितीही दुखला तरी दुखतो म्हणायचं नाही. आणि पुढे पुढे, तो त्याच दिवसांत दुखतो हे स्वतःशीही म्हणायचं नाही. कारण ते खरं धरलं तर निमित्तही खरं ठरत होतं.

बुधवारी सकाळी निघायचं, तर पहाटेच ती 'अडचणीत' आली. भावजी गाडी पुसत होते. राधाबाईंनी देवापुढला अंगारा आणला आणि ती देवघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबलेली पाहून ओळखलं. "आजच इली?" "होय." राधाबाईंनी अंगारा लांबून तिच्या कपाळाच्या दिशेने फुंकला आणि नेहमीच्या, माशांना मीठ लावतानाच्या आवाजात म्हणाल्या, "मगे आज पाय दुखतलोच." त्यात टोमणा नव्हता. आभाळ भरलं की पाऊस येतलोच म्हणावं, तेवढंच ते वाक्य होतं. शर्मिष्ठा गाडीत मागे बसली, डाव्या अंगावर कलून, सीटवर जुना पंचा घडी घालून, आणि कट्टा गाव ओलांडून कसालच्या दिशेने गाडी लागली तरी ते वाक्य तिच्याबरोबर येत राहिलं. दुखतलोच. च कशाला? इतकी खात्री म्हातारीला कुठून?

पुढे दोघे भाऊ बोलत होते, कणकवलीच्या पुलाचं, काजूचं, कोणाच्या तरी लग्नाचं. खड्डा आला की भावजी "सांभाळ गो" म्हणत आणि खड्ड्यातून जात. शर्मिष्ठा एका हाताने वरची कडी धरून होती. धामापूरचा तलाव डोळ्यांपुढे आला, वाटेत नव्हता तरी. तलावाच्या वरच्या अंगाला तिचं माहेर. आई, सीता तिचं नाव, मागच्या पडवीत गोणपाटावर कुशीला पडलेली, आणि कुल्ल्याखाली फडक्यात गुंडाळलेली चुलीतली गरम वीट. उठली की आई लंगडायची. महिन्यातून ते चार दिवस लंगडायची, पुढे पुढे मधल्या दिवसांतही थोडी. भाऊ चिडवायचा, "आई लंगडी खेळता," आणि आईही हसायची. मग आईने भगवतीला नवस केला. पन्नाशीच्या आसपास आईचा पाय सुटला तो सुटलाच, पुन्हा लंगडली नाही, आणि मरेपर्यंत दर वर्षी देवीची ओटी भरत राहिली. देवीने पाय दिला, असं सगळं गाव म्हणे. शर्मिष्ठाही म्हणे. आता नांदगावला हमरस्ता सुटून गाडी फोंड्याकडे वळली आणि तिच्या मनात आलं, पन्नाशीला आईचं आणखी काय सुटलं होतं? पडवीतला गोणपाट त्याच वर्षी काढून टाकला नव्हता का? गोणपाट आणि लंगडणं, दोन्ही एकदमच गेलं. ओटीत देवीला खण-नारळ मिळाला, त्यात आईचं काही चुकलं नाही, पण पाय देवीने दिला नव्हता.

फोंडाघाटाच्या बाजारात चहाला थांबले. ती उतरली नाही, उतरता आलं नसतं. गुरुदासने गाडीच्या खिडकीतून पेला आत दिला. तिला वाटलं, आता सांगावं. "आयकलात?" ती म्हणाली. तो वाकला. त्याच्या खांद्यामागे भावजी बिस्किटाचा पुडा फोडत उभे होते, त्यांचा कान इकडेच. "काय?" "काय नाय. साखर जास्ती आसा." तो पेला घेऊन गेला आणि तिला स्वतःची चीड आली. छत्तीस वर्षांची बाई, रोज दीडशे माणसांना अडचण विचारते, आणि स्वतःची सांगायची तर साखर जास्ती आहे. घाट चढायला लागला. वळणावर अंग उजवीकडे टाकलं की कळ थेट टाचेपर्यंत जाई, डावीकडे टाकलं की जरा सैल होई, आणि प्रत्येक सैल क्षणात एकेक गोष्ट जागेवर येऊन बसत होती, तिने नको म्हटलं तरी. गणपतीत राधाबाईंनीच गोळ्या आणून दिल्या होत्या, अडचण पुढे ढकलायच्या. घरात अकरा दिवसांचा गणपती, सून बाहेर बसून कसं चालेल? त्या अकरा दिवसांत शर्मिष्ठाने उभ्याने मोदक वळले, पातोळे केले, आरत्यांना नाचली. पाय एकदाही दुखला नाही. "गणपती पावलो," भावजी म्हणाले होते, आणि तिनेही हात जोडले होते. गोळ्या बंद झाल्या, अडचण आली आणि पाय असा भडकला की तिला उचलून कोल्हापूरला न्यावं लागलं. म्हणजे डॉक्टरांनी तिला पाहिलं तेही त्याच दिवसांत. दुखतं तेव्हाच माणूस डॉक्टरकडे जातो ना?

आणि मग ती तपासणीची खोली. डॉक्टरांनी हातोडी मारून पाहिली, पाय उचलून पाहिला, सगळं नीट, मायेने विचारलं, आणि शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "आणखी काही अडचण?" तिच्या उजवीकडे गुरुदास, डावीकडे भावजी, आणि अडचणीचा दुसरा दिवस. डॉक्टरांनी साधं विचारलं होतं, ती कचेरीत विचारते तसं. तिला ऐकू आला तो घरातला शब्द. यांना कसं कळलं, खुर्चीला काही लागलं की काय, या भीतीने तिचे कान तापले आणि ती चटकन म्हणाली, "नाही." डॉक्टरांनी मान हलवली. त्या एका नाहीवर सगळं पुढे गेलं होतं, एमआरआय, गादी, तारीख, आणि आता ही गाडी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बंबवाल्याला पत्ता तिनेच चुकीचा दिला होता. घाटमाथ्यावरचा गार वारा आत आला आणि तिला घाम फुटला. पण हे सगळं नुसतं जुळवलेलं असलं तर? दुखण्याने डोकं फिरलेली बाई काहीही जुळवते. खरंच गादी असली आणि आपण थांबलो, आणि पाय गेला तर? राधानगरीच्या पुढे रस्ता सरळ झाला. सरळ रस्त्यावर भीती कमी व्हायला हवी, ती वाढली.

हॉस्पिटलात सगळं फार लवकर होत गेलं. हिरवा झगा, हातात सुई, मनगटावर नावाची पट्टी. एक तरुण डॉक्टर आले, तिला कुशीवर वळवलं आणि शाईच्या पेनने कमरेच्या वर मणक्यावर फुली काढली. पेन थंडगार लागलं. किती स्वच्छ लागलं ते, तिच्या मनात आलं, माझी पाठ किती चांगली आहे. जिथे कधी काहीच झालं नाही तिथेच उद्या सकाळी सुरी फिरणार होती. ते गेले आणि सारिका नावाची सिस्टर आली, गोल चेहऱ्याची, घाईतली. ॲलर्जी आहे का, दात हलतात का, दागिने काढले का, असं विचारता विचारता ती जवळ आली, दोन्ही पुरुषांकडे पाठ केली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, काही अडचण वगैरे?"

शर्मिष्ठाने तोंड उघडलं, तेवढ्यात भावजीच बोलले. "नाही नाही, सिस्टर, काही अडचण नाही. रक्त द्यायला माणूस तयार आहे, रिपोर्ट सगळे फायलीत आहेत. माझं ऑपरेशन इथेच झालंय." सिस्टर हसू दाबत म्हणाली, "बरं." आणि जायला वळली. गुरुदासने मान खाली घातली होती. त्याला कळलं होतं. शर्मिष्ठाने ते पाहिलं, सिस्टरला कोणती अडचण म्हणायची होती ते त्याला कळलं होतं, आणि तरी तो फरशीकडेच बघत राहिला होता.

"आहे," शर्मिष्ठा म्हणाली. आवाज कचेरीतला आला, काचेच्या पलीकडे ऐकू जाईल असा. "अडचण आहे."

भावजी पुढे झाले. "कसली गो? माका आधी सांगूचा नाय? पैशांचा काय आसात तर..."

"पाळीची," ती म्हणाली. असा हा शब्द तिने भावजींपुढे जन्मात उच्चारला नव्हता. भावजी जागच्या जागी थांबले आणि खिडकीबाहेर काही दिसतंय का बघू लागले. आता आपण थांबलो तर पुन्हा बोलता यायचं नाही हे तिला कळत होतं, म्हणून ती श्वास न घेता बोलत गेली. "सिस्टर, पाळी येते तेव्हाच माझा पाय दुखतो. दोन-तीन दिवस आधी सुरू होतो आणि संपली की उतरतो. इतकी वर्षं. गणपतीत गोळ्या घेतल्या तर पाळी नाही आली, पायही नाही दुखला. माझ्या आईचंही असंच होतं. पाठ माझी कधीच दुखली नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, मीच नाही म्हटलं."

सिस्टरची घाई गेली. "थांबा हं," ती म्हणाली, "मी सरांना बोलावते." भावजी घसा खाकरून तिच्या पाठोपाठ बाहेर पडले. दारात थबकले, मागे न बघता म्हणाले, "माका काय म्हायत, गो. मी आपलो माझ्यासारख्याच समजलंय." आणि गेले. त्यांचा तिला राग आला नाही.

गुरुदास मात्र तसाच बसून होता. "माका तरी सांगूचा होता," तो म्हणाला.

"तुमका म्हायत होता," ती म्हणाली. "चार दिवस उशी घेऊन तुमी भायल्या खोलयेत जातास. मधी एक भिंत. मी कण्हतंय ता तुमका त्याच चार दिवसांत आयकाक येय होता." तिला रडू येत होतं, आणि ते तिने येऊ दिलं.

डॉक्टर आले, खुर्ची ओढून बसले, आणि यावेळी त्यांनी सरळ विचारलं, पाळी केव्हा येते, पाय केव्हा दुखतो, मूलबाळ आहे का. नाही, म्हणाली ती. तेही त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी तिच्या पायाचा पंजा हातात घेतला. असं होतं, म्हणाले, क्वचित, पण होतं. गर्भाशयाच्या आतलं अस्तर भलत्याच जागी रुजतं, कधी पार या नसेपाशी. मग दर महिन्याला तेही सुजतं आणि नस आवळते. "आपण पाठ पाहिली, ओटीपोट पाहिलंच नाही. ते उद्या पाहू. ऑपरेशन थांबवतो." पाय पूर्ण परत येईल का, असं तिने विचारलं. ते खोटं बोलले नाहीत. नस बरीच वर्षं आवळली गेली आहे, म्हणाले, बघू. बघू हा शब्द तीही खिडकीवर रोज वापरते, आणि त्यात किती मावतं ते तिला ठाऊक होतं. सारिका सिस्टर स्पिरिटचा बोळा घेऊन फुली पुसायला आली. शाई पक्की होती, पुसट झाली, गेली नाही.

दिवे लागले तेव्हा भावजी त्यांच्या ओळखीच्यांकडे मुक्कामाला गेले. खोलीत रुग्णाजवळच्या माणसासाठी एक लोखंडी बाक होता, पार दाराशी. गुरुदासने उशी उचलली. शर्मिष्ठाने सवयीने डोळे मिटून घेतले, उशी उचलल्याचा तो आवाज तिला अंधारातही ओळखता आला असता. मग फरशीवर लोखंड घासल्याचा मोठा आवाज झाला. तिने डोळे उघडले. तो बाक ओढत तिच्या खाटेला लावत होता, पार लागून, मध्ये बोटभरही जागा न ठेवता.

"अडचण आसा माका," ती म्हणाली.

"आसांदे," तो म्हणाला, आणि बाकावर आडवा होऊन त्याने तिचा उजवा पाय हातात धरला. पायाला ते कळलं नाही. तिला कळलं.